घरातले बिनबोलावलेले पाहुणे



आपल्या घरी पाहुणा आला, की आपण त्याला आधी पाणी देतो. बसायला जागा देतो. मग जेवायला वाढतो. पाणी, जागा आणि अन्न मिळाले, की पाहुणा खूश होतो. पुन्हा येईन म्हणतो.

काही पाहुणे मात्र न बोलावता येतात. डास येतात. उंदीर येतात. माश्या, झुरळे, ढेकूण, वाळवी येतात. धान्यात सोंडे पडतात. आपण त्यांच्या नावाने बोटे मोडतो. दुकानातून औषध आणतो आणि फवारतो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी ते पुन्हा हजर! असे का होते? या धड्यात आपण तेच पाहू.

आमचा गाव

मी खडकवासल्याचा. इथे मुठा नदीवर धरण आहे. ते सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बांधले. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगर आहेत. सिंहगड जवळ आहे. आषाढ लागला की ढग खाली उतरतात. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतीला ओल येते. बरणीतले मीठ पाझरते. काडेपेटीची काडी ओढून ओढून हात दुखतो, पण पेटत नाही.

अशी ओल माणसाला नकोशी वाटते. किड्यांना मात्र ती फार मानवते. २०२१ साली आमचा गाव पुणे महानगरपालिकेत गेला. उंच इमारती झाल्या. पण ओल तीच आहे, आणि किडेही तेच आहेत.

आम्ही सगळे धरणाला दोष देत होतो. "धरणाचे डास आहेत, गुरुजी. आपण काय करणार?" असे लोक म्हणत. मीही मान डोलवीत होतो. माझे डोळे कसे उघडले, ते आता सांगतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली गोष्ट आहे. माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. तिला एकाएकी जोराचा ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखते, असे ती म्हणत होती. अंग मोडून आले होते. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ दिसला. आम्ही तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, "डेंगी आहे."

सहा दिवस पोर दवाखान्यात होती. तिची आजी उशाशी बसून होती. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. ते सहा दिवस मी विसरणार नाही. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने पोर बरी झाली.

आम्ही घरी आलो. दुसऱ्याच दिवशी आरोग्य सेविका आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पाणी कुठं कुठं साठवता, ते दाखवा." मी त्यांना मोरीजवळचे पिंप दाखवले. त्यांनी हातातल्या बॅटरीचा उजेड पाण्यात टाकला. म्हणाल्या, "बघा."

मी वाकून पाहिले. पाणी कसे आरशासारखे स्वच्छ होते. पण त्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

मी म्हणालो, "अहो ताई, हे पाणी तर आम्ही रोज भरतो!"

त्या म्हणाल्या, "भरता, पण रिकामं कधी करता?"

मला उत्तर देता आले नाही. आम्ही पिंप अर्धे झाले की वरून भरत होतो. तळ काही महिने कोणी पाहिला नव्हता. मग त्यांनी फ्रीजच्या मागचे पाण्याचे भांडे काढले. त्यातही अळ्या होत्या. तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीतही होत्या.

तीस वर्षे मी मुलांना आरोग्याचे धडे शिकवले. आणि माझ्याच घरात, माझ्याच नातीला चावणारे डास मी पाळले होते! धरणाचा काही दोष नव्हता.

डेंगीचा डास कसा असतो?

त्या ताईंनी मला जे सांगितले, ते तुम्हीही लक्षात ठेवा.

डेंगी पसरवणाऱ्या डासाचे नाव एडिस. त्याच्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. त्यातही मादीच चावते. ती अंडी घालते ती धरणात नाही, नदीत नाही. घरातल्या आणि अंगणातल्या साठलेल्या पाण्यात घालते. पिंप, रांजण, टाकी, फुटका डबा, जुना टायर, नारळाची करवंटी, काहीही तिला चालते. अंड्याची अळी होते, अळीचा कोष होतो, कोषाचा डास होतो. याला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी पार रिकामी करायची. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी आले, की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून काथ्याने किंवा ब्रशाने भांडे आतून खरवडून घासायचे. मग वाळवायचे. मग भरायचे. वर झाकण किंवा घट्ट फडके बांधायचे. याला 'कोरडा दिवस' म्हणतात.

हा डास फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच आळीत जन्मलेला असतो. माझे पिंप मी घासले आणि शेजाऱ्याने घासले नाही, तर काय उपयोग? म्हणून कोरडा दिवस सगळ्या आळीने एकाच दिवशी पाळावा.

याच डासाने चिकुनगुनिया आणि झिका हे रोगही पसरतात. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी आढळला होता.

आणखी एक गोष्ट. ताप आला तर अंगदुखीची कोणतीही गोळी आपल्या मनाने घेऊ नका. डेंगीत काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या.

एकदाच मारायचे औषध

त्यानंतर मी आळीत घरोघर जाऊन हे सांगू लागलो. एक दादा मला म्हणाले, "गुरुजी, हे आठवड्याचं झंझट कशाला? एकच जालीम औषध सांगा. एकदा मारलं की वर्षभर बघायला नको."

मी विचारले, "दादा, शेतात एकदा खुरपलं, की वर्षभर तण येत नाही का?"

"येतं की! दर पावसाला येतं."

"मग घराचंही तसंच आहे."

दादा हसले. पण त्यांना पटले. शेतीला जसे वर्षाचे वेळापत्रक असते, तसे घरालाही असते. आपण ते चार भागांत पाहू.

१. फाल्गुन ते वैशाख : उन्हाचे काम

ऊन हे फुकटचे औषध आहे. आमच्याकडे ते चार महिने पावसात दिसत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात त्याचा पुरेपूर उपयोग करावा.

या दिवसांत वर्षाचे धान्य भरतात. धान्यात सोंडे कसे पडतात? सोंडा दाण्याला भोक पाडतो आणि आत अंडे घालतो. अळी आतच वाढते आणि दाणा आतून खाते. म्हणून कीड आपल्याला दिसते, तेव्हा पुष्कळ दाणे पोकळ झालेले असतात. धान्यात ओल असेल तर कीड लवकर वाढते.

गहू, ज्वारी, बाजरी पातळ पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. एक दाणा दाताखाली धरा. कट्ट असा आवाज झाला, तर धान्य वाळले. दाणा चिवट लागला, तर अजून ओल आहे. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका. तो तडकतो. तो सावलीत, वाऱ्यावर पसरा.

वाळलेले धान्य गार होऊ द्या. मगच कोठीत भरा. गरम धान्य भरले, तर आत घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कोठी आधी झाडून, पुसून, उन्हात तापवून घ्या. जुने धान्य नव्यात मिसळू नका. कोठी जमिनीवर ठेवू नका. फळीवर ठेवा. भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला धान्यात घालतात, कडधान्याला एरंडेल तेलाचा हात लावतात. हे उपाय चांगले आहेत. पण धान्य ओले असेल, तर नुसत्या पाल्याने ते वाचत नाही.

गाद्या, गोधड्या, उशा उन्हात टाका. खाटा आणि बाजा बाहेर काढा. ढेकूण खाटेच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत लपतात. सांध्यांत उकळते पाणी ओता. मुलांना तेव्हा लांब ठेवा. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाणी ओता. पुष्कळ औषधांना ढेकूण आता दाद देत नाहीत. उकळत्या पाण्यापुढे मात्र त्यांचे काही चालत नाही. जुनी खाट विकत आणली, तर आधी अंगणातच तपासा.

भिंती आणि चौकटी पाहा. मातीची बारीक रेघ वर चढलेली दिसली, तर ती वाळवी आहे. रेघ मोडा. पाणी कुठून झिरपते ते शोधा आणि बंद करा. लाकूड मातीला टेकवू नका. खाली दगड द्या. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे गर्दी करतात. ती वाळवीच असते, नवे घर शोधायला निघालेली. त्या संध्याकाळी दिवा मालवा आणि दारे-खिडक्या लावा.

२. ज्येष्ठ ते भाद्रपद : पाण्याचे काम

पाऊस पडण्याआधी गच्ची आणि पन्हळ साफ करा. अंगणातले डबे, टायर, करवंट्या गोळा करा. दर आठवड्याला कोरडा दिवस पाळा. घराभोवतीची डबकी बुजवा. संडासाच्या टाकीच्या उंच नळीला वर जाळीचे फडके बांधा. घाण पाण्यातले डास तिथून बाहेर पडतात. विहीर, हौद, जनावरांचे डोण यांत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करा. पण हे मासे नदीत आणि धरणात सोडू नका. तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

या दिवसांत माश्याही वाढतात. माशी शेणात आणि उकिरड्यात अंडी घालते. तिथून उठते आणि आपल्या भाकरीवर बसते. हगवण आणि कावीळ यांचे जंतू ती पायांवरून आणू शकते. गरम हवेत आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार होते. म्हणून गोठ्यातले शेण रोज उचला. खताचा खड्डा घरापासून लांब करा. वर मातीचा थर द्या. अन्न झाकून ठेवा.

झुरळे रात्री निघतात. त्यांना ओली मोरी आणि खरकटी भांडी लागतात. रात्री भांडी घासा. ओटा पुसा. मोरीवर जाळी लावा. झुरळांना खायला काही नाही आणि प्यायला पाणी नाही, तर ती कशाला राहतील?

पावसात सापांच्या बिळांत पाणी शिरते. साप कोरडी जागा शोधतो. उंदराच्या मागेही तो घरात येतो. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावतो. चावल्याची खूणही कधी कधी दिसत नाही. म्हणून जमिनीवर झोपू नका. खाटेवर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. डास आणि साप, दोघांपासून एकच मच्छरदाणी रक्षण करते. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ नंबरला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

३. आश्विन आणि कार्तिक : झाडलोटीचे काम

दसरा-दिवाळीला आपण घर झाडतो. ही आपल्या वाडवडिलांची शहाणी रीत आहे. पण पुष्कळ घरांत पुढची खोली चकचकीत होते आणि माळा तसाच राहतो. माळ्यावरची जुनी बारदाने, रद्दी, मोडके सामान आधी काढा. झुरळांची आणि उंदरांची वस्ती तिथेच असते.

या सुमारास भाताची कापणी होते. शेत रिकामे झाले, की उंदीर घराकडे वळतात. म्हणून दिवाळीच्या आधीच बिळे बुजवा. नुसत्या मातीने बुजवू नका. उंदीर ती उकरतो. खडे आणि काचेचे तुकडे घालून वर सिमेंट लावा. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारा. करंगळीएवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पिले देते, आणि एका वेळी सहा-आठ देते. आज दोन दिसले तर उद्या किती होतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

४. मार्गशीर्ष ते माघ : दुरुस्तीचे काम

थंडीत किड्यांचा जोर कमी असतो. माणसाला कामाला हुरूप असतो. भिंतीच्या भेगा लिंपा. गळके नळ दुरुस्त करा. सरपण आणि गोवऱ्या घराला चिकटून रचू नका. तिथे विंचू आणि उंदीर राहतात. पिंजरा लावायचा तर भिंतीच्या कडेने लावा, कारण उंदीर कडेकडेनेच पळतो.

उंदराचा इतिहास

उंदीर फक्त धान्य खातो असे समजू नका. त्याच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप पसरतो. साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना उतरले, की तो होऊ शकतो.

आणि प्लेग! १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ साली पुण्यात त्याने हाहाकार केला. लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहिले. सरकारचे गोरे शिपाई घराघरांत शिरून तपासणी करीत होते. लोकांचा फार छळ झाला. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचवले. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

तेव्हा हा रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी, १८९८ साली, कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने ते दाखवले. प्लेगने उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात. मग त्या दुसऱ्याला चावतात आणि रोग पसरतो. डासांचेही असेच झाले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या डॉक्टराने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला.

आज प्लेगवर औषध आहे. पण घरात किंवा आळीत एकाएकी पुष्कळ उंदीर मरू लागले, तर ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवा. मेलेल्या उंदराला हात लावू नका. फावड्याने उचला आणि खोल पुरा.

सावित्रीबाईंच्या काळी लोकांना कारण माहीत नव्हते. आपल्याला माहीत आहे. माहीत असून आपण पिंप झाकले नाही, बीळ बुजवले नाही, तर दोष कोणाचा?

औषध की विष?

किडे मारायचे औषध म्हणजे विषच. आधी पाणी, जागा आणि अन्न बंद करा. तरीही किडे राहिले, तरच औषध वापरा.

पिकावर मारायचे औषध घरात कधीही फवारू नका. कोणतेही औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मुले ते पितात. झुरळांसाठी बोरिक पावडर आणि पिठाच्या गोळ्या करतात. त्या मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला लागणार नाहीत अशा सांदीत ठेवा.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात अजिबात आणू नका. हवेतली ओल लागली, की त्यांतून विषारी वायू निघतो. आमच्यासारख्या ओल्या हवेत तो लवकर निघतो. कोठीच्या खोलीत माणसे झोपली आणि सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या विषावर उतारा नाही. दोन पोती धान्य वाचवायला घरातले माणूस गमवायचे का?

शेवटचे सांगणे

आमच्या आळीत आता रविवार हा कोरडा दिवस आहे. सकाळी आठला सगळ्या घरांची पिंपे अंगणात पालथी होतात. आधी हे काम फक्त बायका करीत होत्या. आता पुरुषही काथ्या घेऊन बसतात. मीही बसतो. माझी नात आता मोठी झाली आहे. ती बॅटरी घेऊन घरोघर फिरते आणि पिंपांत डोकावते. एकदा तिला माझ्याच कुंडीखाली पाणी सापडले. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, नापास!"

मी ताटली उचलली आणि पालथी घातली.

ध्यानात ठेवा

पाणी साठू देऊ नका. अन्न उघडे ठेवू नका. लपायला जागा ठेवू नका. ही तीन कामे वर्षभर करा.

प्रश्न

१. गुरुजींच्या पिंपात अळ्या का झाल्या?
२. पिंप नुसते रिकामे करून का भागत नाही?
३. धान्य गार झाल्यावरच कोठीत का भरावे?
४. प्लेग कोणत्या किड्यामुळे पसरतो?
५. विषारी गोळ्या घरात का आणू नयेत?

करून पाहा

आपल्या घरात आणि अंगणात पाणी कुठे कुठे साठते, ते शोधा. त्या जागांची नावे एका कागदावर लिहा. कागद मोरीजवळ लावा. दर आठवड्याला एकेका नावापुढे खूण करा. शेजारच्या घरालाही असा कागद लिहून द्या.